नार्कोची मागणी करण्याआधी हे वाचा

आपल्या बीड जिल्ह्यात एखादा खून गाजला, एखादा घोटाळा निघाला की चौकातून मागणी येतेच, "नार्को करा, दूध का दूध, पानी का पानी होईल." हल्ली तर पुढारीच एकमेकांना नार्कोचं आव्हान देतात. दुसऱ्याच्या मनात थेट डोकावता यावं, हे माणसाचं फार जुनं स्वप्न आहे. त्याचा इतिहास थोडा बघू.

पतंजलीच्या योगसूत्रांत, तिसऱ्या पादात, परचित्तज्ञानाची सिद्धी सांगितली आहे. पण लगेच पुढचं सूत्र त्याला मर्यादा घालतं. समोरच्याच्या चित्ताची अवस्था कळते, पण ते कशाचा विचार करतंय ते कळत नाही. म्हणजे माणूस घाबरलाय हे कळेल, कशामुळे ते नाही. ही मेख लक्षात ठेवा.

'टेलिपथी' हा शब्द 1882 साली फ्रेडरिक मायर्सनं बनवला. पुढच्या दशकात जर्मनीत हान्स बर्गर हा तरुण लष्करी सरावात घोड्यावरून पडला आणि तोफगाडीखाली येता येता वाचला. त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीचा जीव घाबरला, घरून चौकशीची तार आली. आपला विचारच तिच्यापर्यंत पोचला, असं त्याला वाटलं. पुढे तो डॉक्टर झाला आणि मेंदूतल्या ऊर्जेच्या मागे लागला. टेलिपथी सापडली नाही, पण 1924 साली त्यानं माणसाच्या मेंदूतली विद्युतलहर नोंदवली. फिट येणाऱ्या पेशंटचा ईईजी काढतात, तो हाच.

तोच ईईजी 2008 साली पुण्याच्या कोर्टात पोचला. खुनाचा आरोप असलेल्या एका विद्यार्थिनीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून तिच्यापुढं गुन्ह्याची वाक्यं वाचली गेली. ती गप्पच होती. मेंदूत घटनेचा 'अनुभव' दिसतो, असा अहवाल आला. कोर्टानं इतर पुराव्यांसोबत तो धरला आणि जन्मठेप दिली. मेंदूच्या अशा चाचणीचा आधार घेऊन दोषी ठरवण्याचं जगातलं हे पहिलं प्रकरण मानलं जातं. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्सच्या तज्ज्ञ समितीनं ही चाचणी शास्त्रीय नसल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षी हायकोर्टानं तिला जामीन दिला.

इथं पतंजलीची मेख आठवा. मेंदूत काहीतरी हललं हे यंत्र सांगेल. ते गुन्हा केल्यामुळे हललं, की पोलिसांनी तेच तेच विचारल्यामुळे, हे कोण सांगणार?

5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की संमतीशिवाय नार्को, ब्रेन मॅपिंग, लाय डिटेक्टर करता येणार नाही. संमतीनं केलं तरी तो निकाल पुरावा ठरत नाही. आधार होता राज्यघटनेचं कलम 20(3), म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही.

उद्या यंत्र अगदी अचूक झालं तर? 2024 च्या जानेवारीत न्यूरालिंकनं माणसाच्या मेंदूत पहिली चिप बसवली. लकवा झालेल्यासाठी ते वरदानच आहे. पण चिलीनं 2021 सालीच मेंदूतल्या हालचालींना घटनेत संरक्षण दिलं, ते उगाच नाही.

बांध कोरणाऱ्याला मनातल्या मनात आपण दहादा कुऱ्हाड घालतो. सकाळी मात्र तलाठ्याकडं अर्ज देतो. मनात येतं ते सगळं म्हणजे आपण नव्हे, त्यातलं आपण काय निवडतो त्यावर आपली ओळख ठरते. सगळ्यांचं मन सगळ्यांना दिसलं तर भावकी आठवडाभरही टिकायची नाही.

आणि त्या खुर्चीत आधी कोण बसणार? इंग्रजांनी 1871 साली कायदा करून काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. त्यांच्या मनात काय आहे ते सरकारला आधीच 'माहीत' होतं! तो शिक्का कागदावरून 1952 साली पुसला. पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी पारधी वस्तीकडंच वळते. वकील ठेवणारा पुढारी 'संमती नाही' म्हणून सुटेल. ऊसतोड मजुराकडून संमतीचा अंगठा घ्यायला किती वेळ लागतो?

तपास नीट करा, साक्षीदारांना संरक्षण द्या, ही मागणी जरूर करू. पण गप्प राहायचा हक्क आपल्याच हातानं देऊन टाकायला नको.