वाळवंटातील निवासमंडप

तांब्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले तिम्ना हे खोरे इस्राएलच्या दक्षिण टोकाला, एलात बंदराच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरांवर आहे. तांबूस वालुकाश्माचे उभे कडे, वाळू आणि तुरळक बाभळी यांखेरीज तेथे फारसे काही नाही. अशा जागी कापडी कनातीच्या आत एक लांबट तंबू उभा आहे. बायबलच्या ‘निर्गम’ या ग्रंथात मोशेने उभारलेल्या ज्या निवासमंडपाचे वर्णन येते, त्याचीच ही पूर्णाकृती प्रतिकृती होय.

ग्रंथातील मापे हातांत दिलेली आहेत, त्यामुळे आपल्याला ती परकी वाटत नाहीत. अंगण १०० हात लांब व ५० हात रुंद. मंडप ३० हात लांब, १० हात रुंद व तितकाच उंच. वाचताना हे आकडे डोळ्यांखालून निघून जातात. त्यांच्या मध्ये उभे राहिल्यावर प्रथम जाणवतो तो मंडपाचा लहानपणा. आपल्याकडील एखाद्या मोठ्या लग्नाच्या मांडवात असे तीनचार मंडप सहज मावतील. आत सात दिव्यांचा दीपवृक्ष, बारा भाकरींचे मेज आणि धूपवेदी. पडद्यापलीकडे कराराचा कोश. तेथे महायाजकाने वर्षातून एकाच दिवशी पाऊल टाकावयाचे. प्रवाशाला मात्र तो कोशही पाहावयास मिळतो. जिचे सारे माहात्म्य झाकलेपणात, ती जागा उघडी करून दाखवावी लागणे, ही प्रतिकृतीची अटळ अडचण आहे.

येथील सोने अर्थातच खरे नाही. मूळ ग्रंथात मात्र धातूंचा हिशेब काटेकोर आहे. ६,०३,५५० पुरुषांनी दरडोई अर्धा शेकेल चांदी दिली. तिचे झाले १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल. फळ्या ४८, प्रत्येकीखाली दोन उथळ्या. पडद्याच्या चार खांबांना चार. म्हणजे बरोबर १०० उथळ्या, दर उथळीस एक किक्कार. उरलेल्या चांदीच्या आकड्या केल्या. माणसांची ती संख्या इतिहासकार मान्य करीत नाहीत, पण हिशेब जुळतो. त्याहून नवल असे की, लोकांनी इतके साहित्य आणून दिले की, आता पुरे, अशी दवंडी मोशेला पिटवावी लागली. सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढली, परंतु असा हुकूम माझ्या पाहण्यात आला नाही!

कोशाला सोन्याच्या कड्या आहेत आणि त्यांतून ओवलेले दांडे कधीही काढावयाचे नाहीत अशी आज्ञा आहे. फळ्या बैलगाड्यांवर चढत. कोश मात्र माणसांच्या खांद्यांवरूनच जाई. मुक्काम हलला की देवालय हलले.

हे देवालय खरोखर होते काय? जर्मन पंडित वेलहाउझेन यांनी १८७८ मध्ये नकारार्थी उत्तर दिले. शलमोनाचे मंदिर ६० हात लांब व २० हात रुंद, म्हणजे मंडपाच्या बरोबर दुप्पट. तेव्हा मंदिराचीच छाया मागाहून भूतकाळावर पाडली गेली, असे त्यांचे म्हणणे. उलट, दुसऱ्या रामसेसच्या कादेश येथील छावणीची जी शिल्पे इजिप्तमध्ये आहेत, त्यांत चौकोनी आवाराच्या मध्यभागी राजाचा दोन दालनांचा तंबू कोरलेला आहे. अशी रचना त्या काळी अज्ञात नव्हती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

आणि तिम्नाची भूमी स्वतः काही सांगते. ‘शलमोनाचे खांब’ म्हणविणाऱ्या कड्याच्या पायथ्याशी बेनो रोथेनबर्ग यांना १९६९ मध्ये हाथोर देवीचे छोटे इजिप्शियन देवालय सापडले. इजिप्शियन निघून गेल्यावर मिद्यानी लोकांनी तिची मुखे विद्रूप करून तेथे आपले पूजास्थान केले. त्या थरात भिंतींलगत लाल-पिवळ्या जाड कापडाचे ढीग मिळाले, तसाच सोनेरी डोक्याचा तांब्याचा एक सर्प. तेथे तंबूवजा छप्पर असावे, असा रोथेनबर्ग यांचा निष्कर्ष. मोशेचा सासरा मिद्यानाचा याजक होता आणि मोशेने वाळवंटात पितळी सर्प उभारला, या कथा येथे आठवल्यावाचून राहत नाहीत. तरीही हा पुरावा मिद्यान्यांच्या तंबूचा आहे, मोशेच्या नव्हे. हे विसरून बोलणारे लेखक काही थोडे नाहीत.

याच खोऱ्यातून मिळालेल्या लोकरीच्या काही धाग्यांवरील जांभळा रंग समुद्री गोगलगायींपासून काढलेला असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कापड सुमारे इ. स. पू. १००० चे. अशा गोगलगायी ३०० किलोमीटरांवरील भूमध्य समुद्रातल्या. निवासमंडपाच्या पडद्यांसाठी ग्रंथ जो जांभळा रंग सांगतो, तो हाच. प्रतिकृतीच्या पडद्यांवरचा रंग त्यापुढे बराच भडक वाटतो.