रोहिणीचे पाणी
म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, असे मी शाळेत शिकलो. पुढे नागपूरच्या सुविचार प्रकाशन मंडळाने १९४०-४१ मध्ये काढलेला धर्मानंद कोसंबींचा 'भगवान बुद्ध' हाती आला. 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी हार्वर्डला गेलेल्या या गोव्याच्या पंडिताने अत्तदंडसुत्तातून वेगळे कारण पुढे आणले: शस्त्र उगारलेली माणसे पाहून आलेला उद्वेग. त्यामागे त्यांना रोहिणी नदीच्या पाण्यावरून चालणारे शाक्य-कोलियांचे भांडण दिसले. कोसंबी १९४७ मध्ये सेवाग्रामला वारले. १९५६ ची नागपूरची दीक्षा त्यांनी पाहिली नाही. पण बाबासाहेबांच्या १९५७ च्या ग्रंथात गृहत्यागामागे रोहिणीचेच पाणी आहे. चवदार तळ्याच्या वारसांना हे कारण समजावून सांगावे लागत नाही.