मोटारसायकलीचा ताप

तापीकाठी वैशाख तापला, की बऱ्हाणपूर-बहादरपूर परिसरातून उत्तरेस असीरगडाकडे चढणाऱ्या मोटारसायकलस्वारापुढे एक जुनाच प्रश्न उभा राहतो: इंजिनातील उष्णता जावी कोठे?

हा प्रश्न त्या वाहनाइतकाच जुना आहे. १८८५ मध्ये जर्मनीत डाइमलर व मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर बसविलेले इंजिन हवेनेच निवत असे. १८९४ मध्ये म्युनिक येथील हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांच्या गाडीने पाण्याचा आश्रय घेतला. तिचे मागचे मडगार्ड हीच पाण्याची टाकी होती. पुढे वजन व खर्च वाचविण्यासाठी बहुतेक कारखानदारांनी सिलिंडरला धातूचे पातळ पंख दिले आणि वाऱ्यावर भिस्त ठेवली. १९५५ पासून मद्रासेत जुळविली जाणारी बुलेट व १९६१ पासून म्हैसुरात तयार होऊ लागलेली जावा याच परंपरेतील होत.

परंतु हा वारा गतीचा मिंधा असतो. ओझ्यासह संथपणे चढ चढताना उष्णता वाढते, वारा मात्र घटतो. तेल पातळ होते, दट्ट्या फुगून सिलिंडरमध्ये अडकतो, मागचे चाक एकाएकी जखडते आणि स्वार फेकला जातो. म्हणूनच टू-स्ट्रोक गाड्यांचे जाणते स्वार क्लचवर बोटे तयार ठेवीत.

२०१२ पासून चाकणच्या कारखान्यातून द्रवाने निवणारी ड्यूक २०० बाहेर पडू लागली. तरी साध्या गाड्या आजही वाऱ्यावरच निवतात. चढावर इंजिन खडखडू लागले, जोर ओसरला, की सावलीत थांबावे. तापल्या सिलिंडरवर गार पाणी ओतू नये, धातू तडकतो. त्या विसाव्याचे मोल जिवाइतके आहे.