हौशी बिनतारीवाले आणि बेचाळीसची नभोवाणी

वर्धा जिल्ह्यात आष्टी हे नाव कोणाला समजावून सांगावे लागत नाही. १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने ठराव केला की इंग्रजांनी हिंदुस्थानातील सत्ता सोडावी. ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर त्यावर शिक्कामोर्तब झाले. आणि १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळीबार झाला, गावकरी पडले. चिडलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. तिकडे त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात चिमूरही पेटले होते. मग सरकारने बळाचा वापर करून या गावांवर जो जुलूम केला, त्याच्या आठवणी म्हाताऱ्या माणसांनी पुढे कितीतरी वर्षे सांगितल्या.

हे सारे आपण शाळेत शिकवतो, स्मारकापुढे उभे राहून मुलांना सांगतो. पण एक प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ही हकीकत त्या वेळी बाहेरच्या माणसाला कळली कशी? पुढारी तुरुंगात होते. वर्तमानपत्रांच्या तोंडाला सरकारी निर्बंधांचे कुलूप होते. अशा वेळी मुंबईतून एक चोरटी नभोवाणी बोलू लागली आणि तिने आष्टी-चिमूरची कहाणी देशाला ऐकवली. तिचे नाव काँग्रेस रेडिओ. तिचे यंत्र ज्याने उभे केले तो सरकारी इंजिनिअर नव्हता, लष्करातला माणूसही नव्हता. तो होता एक हौशी बिनतारीवाला. आज या हौशी मंडळींची, त्यांच्या खेळाची आणि त्या खेळाच्या मोलाची गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे.

हौशी बिनतारीवाला म्हणजे कोण? आपण रेडिओ ऐकतो, तो रेडिओवर बोलतोही. सरकारची परीक्षा देऊन तो परवाना मिळवतो. त्याला अक्षरे आणि आकडे मिळून एक खूण मिळते, तिला कॉल साइन म्हणतात. आपल्या देशातल्या बहुतेक खुणा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. घरावर तार ताणायची, टेबलावर यंत्र मांडायचे आणि कुठेतरी बसलेल्या आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला हाक मारायची. पैसा मिळवायचा नाही, गाणी लावायची नाहीत, राजकारण बोलायचे नाही. मग यात गंमत ती काय, असे तुम्ही म्हणाल. गंमत पोहोचण्यात आहे. आपला आवाज किती लांब जातो, आणि लांबचा क्षीण आवाज आपल्याला कितपत ऐकू येतो, हे अजमावण्यात आहे.

या खेळाने जगाला काय दिले ते बघा. अमेरिकेत १९१२ साली कायदा झाला आणि हौशी मंडळींना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर हाकलून दिले. त्या लहरी निरुपयोगी आहेत, असा त्या काळच्या जाणकारांचा समज होता. गावाबाहेरची खडकाळ जमीन एखाद्याला द्यावी, तसला हा प्रकार! पण त्याच खडकात पाणी लागले. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हौशींचे संदेश अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडमध्ये ऐकू आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या हौशींचे दुतर्फा बोलणे झाले. आणि १८ ऑक्टोबर १९२४ ला लंडनच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडर नावाच्या १८ वर्षांच्या विद्यार्थ्याने थेट न्यूझीलंडमधल्या फ्रँक बेल यांच्याशी संपर्क साधला. बेल कुठे होते? आपल्या कुटुंबाच्या मेंढ्यांच्या कुरणावर! एक शाळकरी पोर आणि एक शेतकरी, दोघे अर्ध्या पृथ्वीचे अंतर तोडून बोलले. लघुलहरी आकाशातल्या विद्युत्‌भारित थरावर आपटून परत जमिनीकडे येतात, म्हणून थोड्या शक्तीतही त्या खंडोखंडी जातात, हे अशा प्रयोगांनी पक्के झाले.

हा गॉयडर पुढे कुठे गेला असेल? तो १९३६ मध्ये आपल्या देशात आला आणि ऑल इंडिया रेडिओचा मुख्य इंजिनिअर झाला. देशात लघुलहरींची केंद्रे त्याच्या देखरेखीखाली उभी राहिली. आपल्याकडेही हौस आधी आणि सरकार मागून, असाच क्रम आहे. अमरेन्द्रचंद्र गुप्तू यांनी १९२१ मध्ये कलकत्त्याला पहिले हौशी केंद्र चालवले. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबाने कार्यक्रम ऐकवायला सुरुवात केली. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी त्यानंतर, १९२७ मध्ये आली. ऑल इंडिया रेडिओ हे नाव १९३६ चे. आणि आपले नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ चे. आकाशवाणीच्या वंशावळीत असा एक हौशी पूर्वज आहे, बरं का!

आता यांच्या शर्यतीविषयी. होय, या मंडळींच्या शर्यती असतात. आपल्या विदर्भात शंकरपट भरतो. बैलजोडी धावते, घड्याळ लावून सेकंदांवर निकाल लागतो आणि सारे गाव दोन्ही बाजूंना उभे असते. बिनतारीच्या पटाला प्रेक्षक नसतात. खेळाडू आपल्या खोलीत एकटा, कानाला श्रवणयंत्र आणि पुढ्यात वही किंवा संगणक. १९४८ पासून चालत आलेली एक मोठी जागतिक शर्यत घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ती बोलून खेळतात आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मोर्सच्या कडकट्टवर. सलग ४८ तास! जगाचे ४० विभाग पाडले आहेत. आपण २२ व्या विभागात. समोरचा हाक मारतो, तुम्ही आपली खूण सांगता, तो म्हणतो 'फाइव्ह नाइन' आणि आपला विभाग, तुम्ही म्हणता 'फाइव्ह नाइन, ट्वेंटी टू'. झाले! पाच म्हणजे शब्द स्पष्ट कळतात, नऊ म्हणजे आवाज जोरदार आहे. इतके बोलून पुढचा गडी.

गुण कसे मिळतात तेही मौजेचे आहे. दुसऱ्या खंडातला माणूस भेटला तर ३ गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाचा भेटला तर १, आणि स्वदेशीयाशी बोललात तर शून्य. म्हणजे नागपूरवाल्याने वर्ध्याला हाक मारून भागत नाही. ब्राझील गाठायला हवे. शिवाय जितके निराळे देश आणि निराळे विभाग मिळतील, त्यांच्या संख्येने एकूण गुणांना गुणायचे. म्हणून हुशार खेळाडू घड्याळ आणि सूर्य पाहून खेळतो. दिवसा २०, १५ आणि १० मीटरच्या लहरी लांब जातात. दिवस मावळला की ४० आणि ८० मीटरचे राज्य सुरू होते. कुठल्या वेळी जपान, कुठल्या वेळी युरोप, हे त्याला शेतकऱ्याला नक्षत्रे ठाऊक असावीत तसे ठाऊक असते. चुकीची खूण उतरवली तर पुढे नोंदींच्या तपासणीत ती पकडली जाते आणि गुण कापले जातात. बक्षीस म्हणाल तर प्रशस्तिपत्र, फार तर एखादे मानचिन्ह.

एवढ्यासाठी दोन रात्री जागायच्या? घरची माणसे हेच विचारतात. पण पाहा, त्या दोन रात्रींत हा माणूस काय शिकतो. हजार आवाजांच्या गलक्यातून एक क्षीण आवाज वेगळा काढायला शिकतो. थोडक्या शब्दांत नेमके सांगायला शिकतो. ऐकले तेच लिहायला शिकतो, मनाचे घालत नाही. यंत्र बिघडले तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला शिकतो. आखाड्यात जोर काढणाऱ्याला कोणी विचारते का, की तू कोणाला मारायला निघालास?

आता परत १९४२ कडे चलू. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशींचे परवाने रद्द केले होते. परवाना काढून घेता आला, यंत्रे हिसकावून घेता आली. पण हात शिकलेले होते, ते कसे काढून घेणार? मुंबईत उषा मेहता ही २२ वर्षांची विद्यार्थिनी, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी, बाबुभाई खाकर अशी मंडळी जमली. डॉ. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे भूमिगत नेते पाठीशी आले. शिकागो रेडिओचे नानक मोटवाणी यांनी सामग्रीची मदत केली. आणि प्रक्षेपणाचे यंत्र उभे केले नरिमन प्रिंटर या हौशी बिनतारीवाल्याने.

२७ ऑगस्ट १९४२ ला चौपाटीच्या भागातून पहिले प्रक्षेपण झाले. निवेदन असे, की हा काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर हिंदुस्थानात कुठून तरी बोलत आहे. 'कुठून तरी' हे शब्द उगाच नव्हते. पोलीस मागावर होते आणि यंत्र या घरातून त्या घरात हलवावे लागत होते. वर्तमानपत्रे जे छापू शकत नव्हती ते इथून सांगितले जाई: चितगावावरचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप आणि आपल्या आष्टी-चिमूरवरचे अत्याचार. मुंबईपासून आष्टी सहाशे किलोमीटरांच्या आसपास. पण त्या गावचे दुःख लहरींवर बसून देशभर निघाले. गमतीची गोष्ट म्हणजे पोलीसही रोज बसून हे ऐकत होते आणि शब्दन्‌शब्द उतरवून घेत होते. खटल्यासाठी जमवलेली ती टिपणे आज इतिहासाची साधने झाली आहेत!

१२ नोव्हेंबर १९४२ ला हा आवाज बंद पडला. कसा, ते सांगितले पाहिजे. प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले आणि त्यांनीच शेवटची जागा दाखवली. गिरगावात प्रक्षेपण चालू असताना पोलीस आत शिरले. उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी पकडले गेले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या १९४६ मध्ये सुटल्या. एका अर्थी ही गोष्ट कडू आहे, पण शिक्षकांनी ती लपवू नये. हौस माणसाला कसब देते. धीर आणि निष्ठा मात्र दुसऱ्या शाळेत मिळतात. ज्या मुलीला यंत्रातले फारसे कळत नव्हते ती शेवटपर्यंत बोलत राहिली, आणि ज्याला सारे कळत होते तो डगमगला. तरीही त्याचे हात नसते तर तिचा आवाज चौपाटीच्या पलीकडे गेला नसता, हेही तितकेच खरे.

नभोवाणी मुकी झाली त्याच सुमारास सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी यांनी चिमूरच्या चौकशीसाठी उपोषण मांडले. ते ६३ दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ ला सुटले. त्याची बातमी छापण्यावरही निर्बंध आले, तेव्हा देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी निषेध म्हणून एक दिवस अंकच काढला नाही. यंत्र गेल्यावर एका माणसाला आपली भूक बोलकी करावी लागली. बातमी पोहोचणे ही किती मोलाची गोष्ट आहे, ते यावरून कळते.

ही झाली जुनी कथा. अलीकडचीही एक ऐका. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सोबती अंदमानात गेले होते. कशासाठी? खेळासाठी! तिथून अनेक वर्षांत हौशी केंद्र बोलले नव्हते, म्हणून जगभरचे हौशी त्या बेटांशी संपर्क साधायला टपलेले होते. हजारो संपर्क झाले. २६ डिसेंबरच्या सकाळी त्सुनामी आली. टेलिफोन बंद पडले. आणि जी तार, जे यंत्र, जे कान आदल्या रात्रीपर्यंत गुण मिळवण्यात गुंतले होते, तेच लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीकडे धाडू लागले. नवे काही शिकावे लागले नाही. गलक्यातून ऐकणे, थोडक्यात सांगणे, नेमके लिहिणे, हे सारे खेळातच होऊन गेले होते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, एक सुचवावेसे वाटते. ऑक्टोबरअखेरच्या त्या शनिवारी, रात्र पडल्यावर, एखाद्या परवानाधारक हौशीला शाळेत बोलवा आणि मुलांना ४० मीटरच्या पट्ट्यावर कान देऊ द्या. साध्या रेडिओवर हे बोलणे बदकांच्या कलकलाटासारखे लागते. ते नीट उलगडायला सिंगल साइडबँडची सोय असलेले यंत्र हवे. मुले हसतील, 'फाइव्ह नाइन'ची नक्कल करतील. करू द्या. मग त्यांना सांगा की ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७,०८० किलोहर्ट्झ. आज हौशी मंडळी जिथे खेळतात, त्याच पट्ट्यात ही जागा आहे. १९४२ च्या पावसाळ्यानंतर तिथूनच कोणीतरी आष्टीचे नाव घेतले होते.