इंद्राजी हे आडनाव नव्हे

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे आज सर्वमान्य आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र त्यावर विद्वानांचा चांगलाच वाद चालला होता. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे म्हटले आहे. शिलाहार राजेही स्वतःला तगरपुराचे अधिपती म्हणवीत. मग हे नगर कोणते? पंडित भगवानलाल इंद्राजी यांनी जुन्नर सुचवले, रा. गो. भांडारकरांनी धारूर. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तेरच्या बाजूने पुरावे मांडले.

हा वाद मुळातून वाचू पाहणारा विद्यार्थी आधी अडतो तो लेखकांच्या नावांपाशी.

भगवानलाल (१८३९–१८८८) मूळचे जुनागढचे. इंद्राजी हे त्यांच्या वडिलांचे नाव आणि ‘पंडित’ ही उपाधी. पण नावातील शेवटचा शब्द म्हणजे आडनाव आणि सूचीत ते आधी, ही युरोपीय रीत. त्यामुळे संदर्भसूचीत ते ‘इंद्राजी, भगवानलाल’ झाले. म्हणजे मुलाचे संशोधन बापाच्या नावावर! ‘पंडित’ हेच आडनाव समजले, तर हाच गृहस्थ तिसऱ्याच अक्षराखाली जाऊन बसेल. ज्यांच्यासाठी भगवानलालांनी शिलालेखांच्या नकला केल्या, ते डॉ. भाऊ दाजी यांचीही तीच कथा. त्यांचे आडनाव लाड; पण शोधावे लागते ‘दाजी’खाली. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या नावात तर आडनावच नाही: गाव, वडील आणि शेवटी स्वतःचे नाव.

भांडारकरांची अडचण नेमकी उलटी. रामकृष्ण गोपाळ (१८३७–१९२५) हे वडील, देवदत्त रामकृष्ण (१८७५–१९५०) हे चिरंजीव. दोघेही प्राचीन इतिहासाचे अभ्यासक. ‘दख्खनचा प्राचीन इतिहास’ हा इंग्रजी ग्रंथ (१८८४) वडिलांचा, अशोकावरचा ग्रंथ मुलाचा. नुसते ‘भांडारकर’ लिहिले, की दोन पिढ्यांची मते एकाच्या तोंडी घातली जातात. भगवानलालांचे तीन झाले, इथे दोघांचा एक होतो.

आता हे काम संगणक करतो. १९८५ च्या ‘बिबटेक’पासून २००६ च्या ‘झोटेरो’पर्यंतच्या आज्ञावलींत नाव एकदा नोंदवले की नियतकालिकाला हव्या त्या पद्धतीने यादी तयार होते. सोय मोठी आहे, पण यंत्राला नाते कळत नाही. ‘पंडित भगवानलाल इंद्राजी’ असे सलग दिले, तर स्वल्पविराम नसल्याने बिबटेक शेवटचा शब्द आडनाव धरते आणि आद्याक्षरे मागितली की ‘पं. भ.’ हाती येते. उपाय सोपा आहे. उपाधी वगळावी आणि आडनाव असेल तर ते स्वल्पविराम देऊन आधी लिहावे. आडनाव नसेल तर बिबटेकमध्ये पूर्ण नाव महिरपी कंसात घालावे. झोटेरोमध्ये नावाचे दोन रकाने मोडून एकच करण्याची सोय आहे. मात्र जुन्या याद्या चाळताना ‘इंद्राजी’ही पाहावे लागेल, कारण ती नोंद आता रूढ झाली आहे. स्वतःच्या यादीत पूर्ण नावच भरावे. आद्याक्षरे यंत्र करून देते, पण आद्याक्षरांवरून पूर्ण नाव त्याला करता येत नाही.

मराठीत आणखी एक खोच आहे. आपण आद्याक्षर घेतो ते काना-मात्रेसह: पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे म्हणजे ‘पु. ल.’, नारायण सीताराम फडके म्हणजे ‘ना. सी.’. संगणकाच्या लेखी ‘पु’ ही दोन चिन्हे आहेत, ‘प’ आणि उकार. पहिलेच चिन्ह उचलणारी आज्ञावली असेल, तर यादीत ‘प. ल. देशपांडे’ आणि ‘न. स. फडके’ असे नवेच लेखक जन्माला येतील. अशा वेळी ‘पु.’ हे हातानेच भरावे.