अमळनेरची प्रतापशेठांची देणगी

बोरी नदीकाठचे अमळनेर सखाराम महाराजांच्या वाडीमुळे वारकऱ्यांना ठाऊक होते. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे प्रताप मिल उभी राहिली आणि खानदेशच्या कापसाचा पैसा शिक्षणाकडे वळू लागला. मिलचे मालक मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रतापशेठ यांनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापले. तालुक्याच्या गावात वेदान्ताच्या अभ्यासकांना राहण्या-जेवणाची सोय करून देणारी संस्था काढणे, हे त्या काळच्या शेठजींत विरळाच. पुढे कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे विचारवंत तिथे येऊन राहिले.

याच मंदिराच्या ओढीने साने गुरुजी अमळनेरला आले आणि 1924 साली प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी छात्रालय होते. त्याचा कारभार गुरुजींकडे आला. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडत, अस्ताव्यस्त अंथरुणे घड्या घालून ठेवत. रात्री जागून ते स्वहस्ते ‘छात्रालय दैनिक’ लिहीत आणि सकाळी मुले ते वाचत. शेठजींच्या पैशाने इमारती झाल्या, पण छात्रालयाचे नाव झाले ते या झाडणाऱ्या हातांमुळे. 1930 साली गुरुजींनी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली.

मॅट्रिकनंतर मात्र मुलांना बाहेरगावी जावे लागे. 1945 साली अमळनेरात प्रताप महाविद्यालय निघाले. 1990 साली जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते पुणे विद्यापीठाकडून या नव्या विद्यापीठाकडे आले.