खांद्याची किल्ली

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. रविवारची दुपार होती. जेवण आटोपून मी मुलांच्या वह्या तपासायला बसलो होतो, तोच ताईचा फोन आला. "अरे, तो पडला! डोंगरावरून सायकलीसकट पडला!"

तो म्हणजे माझा भाचा. वय वर्षे बावीस. धड रस्ता सोडून डोंगरातल्या दगडगोट्यांच्या वाटेने सायकल हाकायची, असा त्याचा नाद. दवाखान्यात पोचलो तेव्हा स्वारी डावा हात उजव्या हाताने सावरून बाकावर बसली होती. एक्स-रे पाहिला. छातीच्या वरून खांद्यापर्यंत जाणारे आडवे हाड मधोमध मोडले होते. डॉक्टरांनी हात झोळीत बांधला आणि सांगितले, "सहा आठवडे सायकलीला शिवायचे नाही. मग पुन्हा फोटो काढू आणि पुढचे बोलू."

भाच्याने विचारले, "आणि शर्यत? ती आठ आठवड्यांवर आलीय."

ताईने कपाळाला हात लावला. माझ्यावर कामगिरी आली ती त्याला रोज संध्याकाळी घरात बसवून ठेवण्याची. मी पडलो मॅट्रिक झालेला शाळामास्तर. वैद्यकातले मला काय कळणार? पण गोष्टी सांगता येतात आणि जुनी पुस्तके चाळायची खोड आहे. म्हणून मी त्या मोडक्या हाडाचाच इतिहास शोधू लागलो, आणि पाहतो तो काय, हे हाड चांगलेच वतनदार निघाले!

आपण याला गळपट्टीचे हाड म्हणतो. आपल्या जुन्या वैद्यकात त्याचे नाव अक्षक. हिंदी मुलखात 'हंसली' म्हणतात, आणि गळ्यातल्या चांदीच्या दागिन्यालाही तेच नाव आहे. लॅटिन नावाचा अर्थ 'छोटी किल्ली'. हात धडाला हाडाने जोडला आहे तो एवढ्या एका किल्लीने. बाकी सारा कारभार स्नायूंचा. आईच्या पोटात बाळाच्या देहात हाड बनायला सुरुवात होते ती इथून, आणि याचे छातीकडचे टोक पुरते जुळायला मात्र विशी उलटून जावी लागते. आधी कामाला लागणारा आणि सर्वांत शेवटी घरी जाणारा असा हा नोकर आहे. माणूस खांद्यावर आदळला की सारा धक्का याच्यावर येतो. बहुतेक वेळा ते मधोमधच मोडते, कारण तिथे ते बारीक असते आणि त्याला आधारही कमी असतो.

याच्या उपचाराची सर्वांत जुनी लेखी टाचणे सापडतात ती इजिप्तमध्ये. 1862 साली लक्झर येथे एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकनाने एक पपायरसची गुंडाळी विकत घेतली. जेम्स हेन्री ब्रेस्टेड या पंडिताने 1930 साली तिचे भाषांतर छापले, तेव्हा जगाला कळले की साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ही शस्त्रवैद्याची वही आहे. तिच्यात अठ्ठेचाळीस रुग्णांची प्रकरणे आहेत; पस्तिसावे आमच्या भाच्याचे! रोग्याला उताणे निजवावे, दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये कापडाची घडी ठेवावी, खांदे दोन्हीकडे फाकवावेत, म्हणजे मोडलेले तुकडे आपापल्या जागी येतात. मग कापडाच्या पट्ट्या बांधाव्यात आणि मध लावावा. हे दुखणे मी बरे करीन, असा निर्वाळाही त्या अज्ञात वैद्याने देऊन ठेवला आहे.

आपला सुश्रुतही मागे नाही. खचलेले अक्षक शेकून मुसळाच्या आधाराने वर उचलावे, वर आलेले दाबून बसवावे आणि घट्ट बांधावे, असे तो सांगतो. वयाचा हिशेबही त्याने मांडला आहे. कोवळ्या वयात मोडलेले एका महिन्यात स्थिरावते, मध्यम वयात त्याच्या दुप्पट वेळ लागतो, उतारवयात तिप्पट. शिवाय व्यायाम वर्ज्य. हे शेवटचे वाक्य मी भाच्याला दोनदा वाचून दाखवले. त्याने पहिल्यांदा मुसळाचे ऐकून हसून घेतले आणि दुसऱ्यांदा तोंड फिरवले.

पण खरा मनकवडा म्हणावा तो ग्रीकांचा हिप्पोक्रेटीस. सांध्यांवरच्या त्याच्या ग्रंथात या हाडाच्या रोग्याचे वर्णन आहे. असा रोगी आरंभी फार घाबरतो. थोड्याच दिवसांत दुखणे ओसरते, खाण्यापिण्याला आणि चालण्याफिरण्याला अडचण उरत नाही, मग तो हयगय करू लागतो. वैद्यालाही ते हाड सुबक बसवून दाखवता येत नसते, म्हणून तोही हळूच काढता पाय घेतो. आणि तोवर हाड आपले आपण जुळून येते! तिसऱ्या आठवड्यात भाचा झोळी काढून उजव्या हाताने सायकलीची साखळी पुसताना सापडला. तेव्हा मला वाटले, हा म्हातारा आमच्या ओसरीवर बसूनच लिहीत असावा.

हयगय किती महाग पडते, तेही इतिहासाने लिहून ठेवले आहे. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम 1702 सालच्या फेब्रुवारीत हॅम्प्टन कोर्टाच्या रानात घोड्यावरून पडला. घोडा चिचुंद्रीसारख्या एका बिळात राहणाऱ्या प्राण्याने उकरलेल्या मातीच्या ढिगाला अडखळला, असे सांगतात. गळपट्टीचे हाड मोडले. वैद्याने ते बसवले. पण राजेसाहेब त्याच रात्री गाडीत बसून केन्सिंग्टनला निघाले. वाटेतल्या हिसक्यांनी हाड पुन्हा सरकले आणि पुन्हा बसवावे लागले. पुढे ताप आणि फुफ्फुसांचा विकार होऊन 8 मार्चला तो वारला. त्याचे वैरी मग त्या बिळातल्या 'काळ्या मखमलीतल्या छोट्या गृहस्था'च्या नावाने मद्याचे पेले उंचावू लागले!

दुसरी हकीगत सर रॉबर्ट पील यांची. 1829 साली लंडनचे पोलीसदल उभारणारे आणि दोनदा पंतप्रधान झालेले हे गृहस्थ. 29 जून 1850 रोजी त्यांचा घोडा बिथरला, ते खाली पडले आणि घोडा त्यांच्या अंगावर आला. याच हाडाचे तुकडे झाले. या हाडाच्या खालूनच हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जाते; तिलाच इजा झाली असावी, असे मानतात. तीन दिवसांनी, 2 जुलैला, त्यांचा अंत झाला. शंभरांतले नव्याण्णव सुखरूप सुटतात त्या दुखण्याचा हा शंभरावा. म्हणून हात बधिर पडला, थंड पडला किंवा श्वास लागला, तर घरच्या तेलामालिशीत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

घोडे गेले, सायकली आल्या; पडणे राहिले. डोंगरी सायकलीचे माहेर कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात आहे. तिथली पोरे 1930 आणि 1940 च्या दशकांतल्या जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर नेत आणि उतारावरून सोडून देत. 21 ऑक्टोबर 1976 रोजी तिथे पहिली 'रीपॅक' शर्यत झाली. नावाचे मूळ गमतीचे आहे. मागच्या चाकाच्या तुंब्यात ब्रेक असे. उतरता उतरता तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि खाली पोचल्यावर तुंबा उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. त्या मेळ्यातल्या ज्यो ब्रीझने 1977 साली डोंगरासाठी खास सांगाडा बनवला, आणि 1996 साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. त्या पहिल्या तुंब्यापासून आजपर्यंत एक गोष्ट बदललेली नाही. पुढचे चाक दगडाला अडले की स्वार हँडलवरून पुढे जातो आणि खांद्यावर पडतो.

इथवर ऐकून घेतल्यावर भाच्याने आपला हुकमाचा पत्ता टाकला. त्याने मला एक जुने छायाचित्र दाखवले. एक टकलू सायकलस्वार चढ चढतो आहे आणि त्याच्या दातांत रबरी ट्यूबचा तुकडा आहे, दुसरे टोक हँडलला बांधलेले. "मामा, हा फिओरेंझो माग्नी. इटलीची 1956 सालची मोठी शर्यत. गळपट्टीचे हाड मोडले तरी थांबला नाही. दुखरा हात ओढत नव्हता, तर दातांनी ओढून चढला! आणि शेवटी दुसरा आला, पहिल्याच्या मागे फक्त 3 मिनिटे 27 सेकंद. आता बोला!"

खरोखरच मी दोन दिवस काही बोललो नाही. माणूसच तसा होता. तीनदा ती शर्यत जिंकलेला, पस्तीस वर्षांचा, आणि ही आपली शेवटची शर्यत असे ठरवून उतरलेला. पण वाचता वाचता मला गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सापडला. पुढच्याच एका दिवशी उतारावर त्याचा दुखरा हात ब्रेक नीट दाबू शकला नाही. तो पुन्हा पडला आणि दंडाचे हाडही मोडून घेतले. रुग्णवाहिकेतून उतरून तो परत सायकलीवर बसला, हेही खरे. मी भाच्याला म्हटले, "त्याच्यापुढे मी हात जोडतो. पण त्याचे दुसरे हाड का मोडले, ते सांग पाहू." तो गप्प बसला. मग म्हणाला, "पहिले जुळले नव्हते म्हणून."

आता विज्ञान पुढे गेले आहे. 1960 साली चार्ल्स नीअर या अमेरिकन शल्यवैद्याने दोन हजारांहून अधिक रुग्णांचा हिशेब मांडून दाखवले की शस्त्रक्रिया न करताही हे हाड जवळजवळ नेहमी जुळते. 2007 साली कॅनडाच्या शल्यवैद्यांनी 132 रुग्णांची पाहणी छापली. तुकडे फार सरकले असतील तर धातूची पट्टी बसवलेल्यांना अधिक गुण आला. आमच्या भाच्याचे तुकडे फार सरकलेले नव्हते. त्याला झोळी पुरली, आणि पुढे हात लोंबता ठेवून झोके देण्याचा व्यायाम.

सहा आठवड्यांनी फोटोत मोडल्या जागी धुरकट गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, "जुळते आहे, जुळलेले नाही." शर्यतीच्या दिवशी भाचा वळणावर झेंडा घेऊन उभा राहिला आणि खाली येणाऱ्या पोरांना "पुढे दगड आहे, जपून!" म्हणून ओरडत राहिला. घसा बसवून घरी आला.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी ताईकडे गेलो. ती दारात चकल्यांची परात घेऊन उभी होती आणि वर पाहत होती. भाचा स्टुलावर चढून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन आकाशकंदील बांधत होता. डावा हात थोडा थरथरत होता. ताईने मला खुणेनेच गप्प राहायला सांगितले. कंदिलाची गाठ बसेपर्यंत आम्ही दोघे तसेच उभे होतो.